विहिरीच्या पाण्याचा चहा

केळव्याच्या आत्मारामला दुसऱ्याच्या घरचा चहा कधी आवडला नाही. कप हातात आला की आधी तो नाकाशी न्यायचा, मग एक घोट घेऊन जीभ टाळूला लावायचा आणि यजमानाच्या तोंडावर सांगायचा, "टाकीचं पाणी हाय ना? कळतं." उरलेला चहा तसाच ठेवायचा. लेक चारुता जवळच्याच पाम गावी दिली, तिच्या सासरी पहिल्यांदा गेला तेव्हाही त्याने हेच केलं. विहीणबाईंनी हौसेने वेलची कुटून घातली होती, त्यांचा चेहरा एवढासा झाला. चारुता रडकुंडीला आली. शालू, आत्मारामची बायको, शेजारी बशीत बघत बसली होती. याला पाण्यातलं काय कळतंय, कपाळ, असं ती मनातल्या मनात म्हणाली.

शालूचं हे म्हणणं उगाच नव्हतं.

आत्मारामची विहीर त्याच्या आजोबांनी खणलेली. सुपारीच्या वाडीत, घराच्या मागेच. पाणी खरोखर गोड होतं, पण आत्मारामचा तोरा असा, की जणू ते पाणी यानेच घडवलंय. स्वतः त्याने त्या विहिरीची साधी पायरीसुद्धा कधी बसवली नव्हती. पुढे सगळ्या वाड्यांत पंप आले, मुंबईच्या पाहुण्यांसाठी पोहायचे तलाव झाले, जो तो पाणी उपसत सुटला आणि खाडी जमिनीखालून आत सरकली. एका उन्हाळ्यात शालूच्या हातचा चहा फाटला. तिने विहिरीचं पाणी चाखून पाहिलं आणि भांडं भरून नवऱ्यापुढे नेलं.

"पाणी खारं झालंय. बघा तरी."

"तुझी जीभ खारी झालीय," आत्माराम म्हणाला. भांड्याला त्याने ओठही लावला नाही. न चाखताच ते मोरीत ओतून दिलं.

दुसऱ्या दिवशी शालूने शेजारच्या दीपालीच्या नळावरून कळशी भरून आणली. मागच्या दाराने, सुपारीच्या ओळींमधून, कुणाला दिसू नये म्हणून. त्या पाण्याचा चहा केला, गवती चहाची पात घातली आणि नवऱ्याला दिला. आत्मारामने घोट घेतला, मिटक्या मारल्या. "बघ! सांगितलं ना? हाय का असं पाणी अख्ख्या केळव्यात?"

शालूला हसू आवरेना. तिने तेव्हाच सांगायला हवं होतं. पण नवऱ्याचं हसं झालं की बायकोचंही होतं, असं तिच्या आईने तिच्या डोक्यात भरवलं होतं. म्हणून ती गप्प बसली आणि रोज कळशी वाहत राहिली. चहाला, डाळीला, प्यायच्या माठाला. विहिरीचं पाणी उरलं फक्त आंघोळीला आणि धुण्याला.

आता डोळे उघडे असलेल्या माणसाला तेवढ्यावरूनही कळलं असतं. अंगाला फेस येईना, तर हा साबण बदलत बसला आणि साबणाच्या कंपन्यांना चोर म्हणत राहिला. सुपारीची पानं टोकाकडून करपली, तेव्हा वाडीत कामाला येणाऱ्या जानूला आळशी ठरवून मोकळा झाला. सगळं जग खोटं, याची विहीर तेवढी खरी!

मग आळीतल्या उरलेल्या घरांसाठीही नळाची लाइन आली. माणसं दारात उभी राहिली. शालू स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकत होती. आयुष्यात तिने फारसं काही मागितलं नव्हतं, पण आपल्या मोरीत एक नळ असावा, एवढं तिला मनापासून वाटत होतं. "आमच्याकडे विहीर हाय," आत्माराम त्या माणसांना म्हणाला, "नळाचं पाणी आमच्या घशाखाली उतरत नाय." माणसं पुढच्या घरी गेली. त्या दिवशी आत्माराम शालूच्या मनातून उतरला, तो कायमचा. यानंतर ती त्याला चहा द्यायची तो कुत्र्याच्या वाडग्यात काहीतरी ओतून टाकावं तसा, आणि त्याच्या मिटक्या ऐकल्या की तोंड फिरवायची.

असं चालू असताना एक दिवस शालू मागच्या वाटेवर कळशीसकट घसरून पडली. मनगट टम्म सुजलं. "चालताना डोळे कुठे असतात तुझे?" आत्माराम म्हणाला. भरलेली कळशी घेऊन ती मागून कुठून येत होती, हे काही त्याने विचारलं नाही.

दुसऱ्याच दिवशी पामचे व्याही आले. व्याही, विहीणबाई आणि चारुता. विहीणबाईंनी घरच्या म्हशीचं ताजं दूध किटलीतून आणलं होतं. माठ रिकामा होता आणि शालूचा हात गळ्यात. आत्माराम उठला.

"आज मी करतो. व्याही, आज तुमाला खरा चहा पाजतो."

सगळ्यांना दिसेल अशी त्याने विहिरीतून बादली ओढली. साखर कुठल्या डब्यात असते ते ठाऊक नव्हतं, ते चारुताने दाखवलं. पात तोडून टाकली, उकळी आली, घरातलं दूध ओतलं आणि दुधाच्या गुठळ्या झाल्या. "दूधवाला चोर हाय!" तो ओरडला. दुसरं आधण ठेवलं. यावेळी विहीणबाईंच्या किटलीतलं दूध घातलं. तेही फाटलं.

आत्मारामने वळून विहीणबाईंकडे पाहिलं. "तुमची म्हैस काय खाते हो?"

विहीणबाईंचा चेहरा उतरला. चारुताने मान खाली घातली. झोपाळ्यावर बसलेल्या शालूला तो पामचा कप आठवला, आणि एवढी वर्षं गिळलेलं सगळं तिच्या तोंडात आलं.

"म्हशीला बोलू नका. दूध चांगलं हाय. विहीर खारी झालीय."

"कवापासून?"

"तुमी साबण बदलत होता, तवापासून."

"मग मी रोज पितो तो चहा?"

"दीपालीच्या नळाचा. टाकीचं पाणी."

व्याही खिडकीतून वाडीकडे बघू लागले. भला माणूस, दुसरं काय करणार?

"मला सांगितलं का नाय?"

"सांगितलं होतं. तुमी मोरीत ओतलंत."

आत्मारामने फाटलेला चहा न गाळताच कपात ओतला आणि उभ्या उभ्याच पिऊन टाकला. शेवटपर्यंत. "तसा वाईट नाय," तो म्हणाला. ओठांना चोथा लागला होता. एवढं होऊनही हा माणूस सुधारायचा नाही, हे शालूला कळलं आणि तिला आता त्याची कीवसुद्धा येईना.

"पावण्यांना चहा द्यायचाय," ती म्हणाली. "कळशी मोरीत हाय. आणि दीपालीला विचारून या, नळवाल्यांना कसं बोलवायचं ते."

आत्मारामने कळशी उचलली आणि मागच्या दाराकडे निघाला.

"तिकडून नाय," शालू म्हणाली. "पुढच्या दारानं जा."

पुढे आळीतल्या बायका ओट्यावर मटार सोलत बसल्या होत्या. आत्माराम कळशी घेऊन त्यांच्यासमोरून गेला.