बायूमीचं ताबेदारीचं घर

तर भिंत बांधून झाली, आणि बायूमी तिच्याकडे असा बघत उभा राहिला, जणू नाईल नदी त्यानंच अडवली. भिंत कसली, एका विटेची ती; पलीकडे कुणी शिंकलं तर अलीकडे धूळ पडायची. पण कोर्टाला दाखवायला स्वतंत्र घर हवं होतं, आणि या गृहस्थाची धाव आईच्या ओसरीपलीकडे कधी गेलीच नव्हती. त्यानं राहत्या घराचाच एक तुकडा तोडला, रस्त्याकडून दार पाडलं, आणि वकिलामार्फत बायकोला नोटीस धाडली: ताबेदारीचं घर तयार आहे, मुकाट्यानं नांदायला ये.

बायको म्हणजे इन्शिराह. कालव्याकाठी बदकं पाळणारी, ताठ मानेची बाई. भावाकडे निघून आली होती आणि घटस्फोट मागत होती. बायूमी हात उगारणारा नव्हता, नशा करणारा नव्हता. तो काहीच नव्हता, हीच तिची तक्रार. सरकीच्या गिरणीत वजनकाट्यावर बसणारा चाळिशीचा गडी, पण आज कुठला सदरा घालू, हे आईला विचारायचा. आणि आई, तफीदाबाई, सुनेच्या खोलीची किल्ली गळ्यात बांधून हिंडायची. पहाटे कुलूप काढून थेट आत, पांघरूण ओढून म्हणायची, "अजून लोळताय?" इन्शिराहनं आतून कडी बसवून घेतली, तर बायूमीनंच ती उपटली. म्हणे, "अम्माला वाईट वाटतं."

कायदा मात्र अशा माणसाचीही बाजू घेऊ शकतो. घर खरंच वेगळं, चूल वेगळी, सासू आत नाही, असं ठरलं की ते कायद्यानं ताबेदारीचं घर, आणि इन्शिराहला नवऱ्याकडे परत जाणं भाग. नाही गेली तर ती मुजोर बायको. पोटगी बंद आणि घटस्फोटाचा दावाही लंगडा.

पंचनाम्याला दमनहूर शहराहून कोर्टाचा बेलिफ आला, तेव्हा इन्शिराह मुतवल्ली नावाच्या आपल्या भावाला घेऊन दारात उभी राहिली. बेलिफानं पलंग पाहिला, शेगडी पाहिली, नळ सोडून पाहिला. कपडे ठेवायला एक भलंमोठं कपाटही होतं. अम्माला मावशीच्या गावी धाडलंय, असं बायूमीनं छातीवर हात ठेवून सांगितलं.

"ताई, गेलं बघ सगळं," मुतवल्ली पुटपुटला.

बेलिफ कागद मिटायला लागला, तशी इन्शिराह अगदी साखरेच्या आवाजात म्हणाली, "अहो, साहेब एवढ्या उन्हातून आलेत. आपल्याकडून पाहुणा बिनचहाचा गेलाय कधी?"

झालं! बायूमीच्या अंगात यजमान संचारला. "बसा साहेब! चहा घेतल्याशिवाय जायचं नाही."

"नको हो, कामावर आहे मी."

"न घेता उठलात तर माझ्या बायकोला तलाक!"

आग्रह करायची ही नाईलकाठच्या पुरुषांची रीत. कुणी ती मनावर घेत नाही, कायदाही नाही. कोर्टात जिला सोडायला तयार नाही, तिला हा पठ्ठ्या पेलाभर चहावर पणाला लावून मोकळा!

बेलिफ हसून खाली बसला. "आता प्यायलाच हवा. नाहीतर तुमची बायकोच जायची, आणि माझा पंचनामा फुकट."

बायूमी स्वयंपाकघरात शिरला. डबे आपटले. काडी ओढली, विझली. दुसरी ओढली, तीही विझली. मग आतून आवाज आला, "साखर कुठल्या डब्यात आहे?"

"घर तुमचं," इन्शिराह म्हणाली. "मी आजपर्यंत बघितलंसुद्धा नव्हतं."

आत आणखी एक डबा आपटला. आणि मग जन्मभराच्या सवयीनं बायूमी ओरडला, "अम्मा!"

"आले रे राजा!"

कपाट सरकलं. मागं भिंतीला माणूस जाईल एवढं भगदाड, आणि भगदाडातून चहाचं तबक सांभाळत तफीदाबाई बाहेर आली. पाहुण्याचा आवाज ऐकून तिनं पलीकडे चहा केव्हाच उकळून ठेवला होता. गळ्यात किल्ली होतीच.

"एवढं बोंबलायला काय झालं?" तिनं लेकाला झापलं आणि बेलिफाकडे वळली. "साहेब, साखर दोन चमचे की तीन?"

"तीन घाला," बेलिफ म्हणाला, आणि मिटलेला कागद त्यानं पुन्हा उघडला.

कोर्टात न्यायाधीशांनी पंचनामा वाचला तेव्हा त्यांना दोनदा खोकल्याचा बहाणा करावा लागला. इन्शिराहची सुटका त्याच बैठकीत झाली. पण निकाल लागण्याआधी बायूमीनं शेवटचा प्रयत्न केला. कालव्यावरचा पूल ओलांडून नवं घर भाड्यानं घेतो म्हणाला; भगदाड नाही, दुसरी किल्ली नाही, अम्मा तिथं पाऊल टाकणार नाही. तो हे सांगत असताना तफीदाबाई मागून त्याची कॉलर नीट करत होती.

न्यायाधीशांनी इन्शिराहला विचारलं, "बाई, घर असं स्वतंत्र मिळालं तर राहाल?"

"राहीन की साहेब. पुलापलीकडे वारा छान येतो, बदकांनाही मोकळं पडेल. फक्त ह्यांना त्यांच्या आईकडेच राहू द्या."