मूठ सैल करा

"कोरड्या हाताचा माणूस संकटात नसतो," असं आमच्या ऑफिसातले काका फार गंभीरपणे म्हणत. पाहुणे हे वाक्य वहीत उतरवून घेत. आम्ही टॉवेल शोधत असू, कारण पुढच्याच क्षणी ते पाहुण्याच्या तळहातावर घामाऐवजी साबणाचं पाणी ओतत.

बरकतपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसात रुग्णालयांसाठी आगीचा सराव तयार होतो. व्हीआर हेडसेट डोळ्यांवर चढवला की समोर वॉर्ड पेटतो. हातात कंट्रोलर असतो, आग विझवायच्या लाल सिलिंडरच्या मुठीसारखा. तो घडवणं काकांचं काम, सोबतची माहितीपुस्तिका लिहिणं माझं.

त्यांच्या कंट्रोलरला एक खोड होती. मूठ आवळून पिन ओढली की पिन अडकायची. खऱ्या सिलिंडरचीही तशीच अडकते, आणि घाबरलेला माणूस आधी मूठच आवळतो.

"अफझलगंजला मेव्हण्याचं दुकान पेटलं तेव्हा मीच ओढत होतो, ताई," त्यांनी एकदा सांगितलं. "ट्रेनिंग झालेलं होतं, हौ. तरी मूठ सुटेना. शेजारच्या आजींनी बादली आणली म्हणून मेव्हणा वाचला."

सांगताना ते हसत होते. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. टेबलाखाली त्यांची उजवी मूठ सारखी उघडत-मिटत होती.

एका बड्या रुग्णालयाचे विश्वस्त कंट्रोलर पाहायला येणार, त्या सकाळी मॅनेजर काकांच्या मागेमागे फिरत होता. "काका, आजच्यापुरती तरी पिन सैल करा ना."

"नक्को. आग काय पाहुणा बघते?"

विश्वस्तांनी सत्काराची शाल बाजूला ठेवली, हेडसेट चढवला आणि मूठ आवळली. पिन हलेना. पडद्यावर तिसरी खाट पेटली. साहेबांच्या मानेवर घाम फुटला.

"जरा टेक्निकल प्रॉब्लेम आहे, सर," मॅनेजर म्हणाला.

"काही प्रॉब्लेम नाही." काका साहेबांच्या कानाशी वाकले. लेकराला समजवावं तसं म्हणाले, "मूठ सैल करा, साहेब. आधी सैल. जमतं."

साहेबांनी आणखी आवळली. वॉर्ड जळून गेला. मग चहा झाला.

रुग्णालयानं कंट्रोलर घेतला, एक दुरुस्ती सुचवून. ती करायला काकांनी नकार दिला आणि महिनाअखेर नोकरी सोडली. जाताना माझ्या पुस्तिकेत एकच ओळ घालायला सांगितली: आधी मूठ सैल करा. मी घातली. वाचणारे गोंधळतात म्हणून मॅनेजरनं ती काढली.

आता पिन बोट लावताच निघते. त्या रुग्णालयातल्या सगळ्या परिचारिका पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झाल्या आहेत.