काकूच्या भुकेची गोष्ट

सोडे, म्हणजे सुकी कोळंबी, परतल्याचा वास आला की पेणचा तो दवाखाना आठवतो. रोह्याच्या काकूचा अंगठा सुजला होता, आणि मराठी न येणाऱ्या डॉक्टरांचं इंग्रजी तिला समजावायचं काम माझ्याकडे होतं. युरिक अ‍ॅसिड, साखर, वजन, सगळंच वाढलंय, सुकी कोळंबी बंद करा, ते म्हणाले. पोट भरल्याचं कळवणारं लेप्टिन भरपूर आहे, पण मेंदू ते ऐकत नाही, म्हणून भूक थांबत नाही, यात काकूंचा दोष नाही. सोबत आलेल्या काकांसमोर काकूच्या भुकेबद्दल एवढं मराठीत बोलायची मला लाज वाटली. "सोडे बंद, आणि कमी खायचं," मी म्हटलं. काका हसले, "बघ, डॉक्टरपण तेच बोलतो. खादाड हाय ती!" काकूने पदर पोटावर ओढून घेतला. परवा मी तिला दुसरी भाकरी वाढायला गेले. काका घरात नव्हते, तरी ती दाराकडे बघत म्हणाली, "नको गो, पोट भरलं." मी भाकरी परत टोपलीत ठेवली.