आमच्या पणजोबाचा ओके

"सांग ना वो बाई! ओके कुठून आला? काऊन गप झाली? जीभ बैलानं चाटली का?"

मंडईच्या मांडवात रामलाल शाहीर असा ओरडत होता की माझ्या हातातला माइक बंद होता, तरी त्यातून आवाज येत होता. समोर लाखभर माणूस. बरं, लाख नसेल — आमच्या अख्ख्या पट्ट्यात तेवढी माणसं नाहीत — पण मी सांगतोय म्हणजे लाखच धरा. दिवाळी झाली की आमच्या दरेकशाकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्राच, भरते. घराघरात पाहुणे, भर दुपारी खडी गंमत, म्हणजे उभ्यानं रंगणारा आमचा तमाशा, त्यात दोन शाहिरांचा सवाल-जवाब. एकीकडे रामलाल, दुसरीकडे डफ घेतलेली सुगंधा शाहीर. आणि मधल्या खुर्चीवर, गळ्यात झेंडूचा हार घालून, पंच म्हणून मी.

त्या खुर्चीवर मी काय केलं ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. आणि मी तर असा माणूस की शिंक आली तरी चार घरं फिरून सांगतो! मग हेच तेवढं का नाही सांगितलं? — थांबा. आधी शब्दाचं सांगतो.

मी रेल्वेत होतो. पॉइंट्समन, गाडीचे रूळ बदलणारा. जन्मभर त्या दोन अक्षरांवर पगार खाल्ला. लाइन ओके, सिग्नल ओके, ब्रेक ओके. केवढा शब्द आहे तो! उंदराएवढा आणि ओढतो मालगाडी. डॉक्टर बीपी पाहून म्हणतो ओके, सोयरा पोरगी पाहून म्हणतो ओके, ट्रकच्या ढुंगणावर तो रंगवलेला असतो — तिथं तो काय करतो हे ट्रकवाल्यालाही माहीत नाही. होकार म्हणजे ओके, कळलं म्हणजे ओके, पुरे झालं म्हणजेही ओके. माणूस नरमाईनं म्हणाला तर निराळा, दात खाऊन म्हणाला तर निराळा. आपल्याकडे एवढ्याशा शब्दात एवढं काम करणारा फक्त एक — आमचा 'हव', म्हणजे हो.

तर एकदा चहाच्या टपरीवर गोंदियाची कॉलेजची पोरं बसली होती. नागझिऱ्याहून परतत होती, वाघ दिसला नव्हता, म्हणून तोंडं उतरलेली. मला दया आली. वाघ नाही तर नाही, काहीतरी तर द्यावं लेकरांना! समोरून ट्रक गेला आणि मी म्हटलं, "हा ओके आमच्या घरचा हाय."

मग काय, सुटलो. म्हटलं, साहेबलोक दरेकशाचा बोगदा खोदत होते तेव्हा माझा पणजोबा तिथं मुकादम होता. ओंकार कटरे. दगडाला कान लावायचा, हातोडीनं टिचकी मारायचा, दगड पक्का निघाला की त्यावर खडूनं आपल्या नावाची दोन इंग्रजी अक्षरं लिहायचा — ओ आणि के. साहेबाला वाटलं, 'पक्कं' म्हणायची हीच रीत. तो ती विलायतेला घेऊन गेला, तिथून साऱ्या दुनियेत गेली. पोरांनी मोबाइलवर माझा व्हिडिओ काढला. एक तर पाया पडला.

माझ्या पणजोबाचं नाव ओंकार नव्हतं. झिंगर होतं. तो शेतकरी होता आणि बोगद्याला इतका भ्यायचा की पलीकडच्या लेकीच्या घरी डोंगर चढून जायचा. हे घ्या. एवढं तर निघालं तोंडातून.

पण नुसती थाप ही काही कबुली द्यायची गोष्ट आहे का? थापा तर मी श्वासासारख्या मारतो. पण ही थाप माझ्या हातून सुटून चालायला लागली. व्हिडिओ फिरला. सोयऱ्याधायऱ्यांत माझा मान वाढला. पुतण्यानं पोराचं नाव ओंकार ठेवलं. बोगद्याकडच्या रस्त्याला पणजोबाचं नाव द्यायचं, अशी गावात चर्चा निघाली. आणि 'शब्दांचा जाणकार' म्हणून मला पंचाच्या खुर्चीवर बसवलं. रामलालनं तो सवाल टाकला तो मला खूश करायलाच. जवाब साऱ्या मांडवाला पाठ होता. सुगंधानं नुसतं "ओंकारबाबा" म्हणायचं होतं.

ती अडलेली नव्हती. डफ कानाजवळ नेऊन हळूच ताणून पाहत होती.

आता ही बाई कोण, ते ऐका. तिचा बापही शाहीर होता. आमच्याकडे लग्नात शाहिरानं नवरदेवाची कुळी गायची — माळव्यातून पहिला पूर्वज कोण आला, त्याचा कोण, त्याचा कोण, पार नवरदेवापर्यंत. माझ्या लग्नात तिच्या बापानं माझी कुळी गायली होती आणि सुगंधा, तेव्हा परकरातली, मागून झील धरत होती. झिंगर हे नाव तिच्या तोंडातून निघालेलं मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. लग्नात ऐकलेली कुळी शाहिराशिवाय कोण ध्यानात ठेवतो? म्हणजे त्या मांडवात माझं खरं जाणणारी एकच होती, आणि तिच्याच हातात डफ होता.

तिनं डफावर थाप मारली आणि उचललं. काय आवाज! आमच्या डोंगरातलं माकड झाडावरून उतरून रांगेत बसलं असतं. तिनं गायलं की हा शब्द ना दरेकशाचा, ना लंडनचा. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रवाल्यांनी थट्टा केली, 'ऑल करेक्ट', म्हणजे सगळं बरोबर, हे मुद्दाम चूक, ओ आणि के लावून लिहिलं आणि दोन्ही शब्दांची पहिली अक्षरं उचलली. मग एका पुढाऱ्याच्या गावावरून पडलेल्या टोपणनावात तीच अक्षरं निघाली, तर निवडणुकीत त्याच्या लोकांनी त्यांचाच गजर केला. मग तारवाल्यांनी धरला, रेल्वेनं धरला, कारण छोटा होता. कोणी म्हणतं तिथल्या आदिवासींचा आहे, कोणी म्हणतं ग्रीकांचा — तेही तिनं सोडलं नाही. तिची लेक कॉलेजात इंग्रजी शिकत होती, तिच्याकडून तिनं सारं नीट समजून घेतलं होतं. आणि शेवटची ओळ अशी टाकली की थट्टेतून जन्मलं पोर, आज साऱ्या दुनियेचा मुनीम झालं.

माझ्या अंगावर काटा आला. खोटं नाही सांगत — बघा, मलाही हे म्हणावं लागतं! थट्टेतून जन्मलेला शब्द. माझी थाप त्या खऱ्यापुढे केवढीशी!

पण मांडव खवळला. "बाबाचं नाव काऊन नाही घेतलं?" "बाई हरली! बाई हरली!" रामलाल मांडी ठोकत होता. पुतण्या पहिल्या रांगेत, मांडीवर छोटा ओंकार. आणि बाजूला बाकड्यावर गावोगावचे कारभारी सुपारी, म्हणजे कार्यक्रमाचा विसार, घेऊन बसलेले. जो जिंकेल त्याला ते तिथंच सुपारी देणार, त्यावर त्याच्या पार्टीचा मंडईचा अख्खा हंगाम निघणार. सुगंधाची पार्टी तशीही मोडकळीला आली होती. ढोलकीवाला सुरतला कामाला जायच्या गोष्टी करत होता. हे मला ठाऊक होतं. सगळं ठाऊक होतं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी माइक चालू केला.

मी म्हटलं, "जवाब चूक."

दोनच शब्द. तेही छोटेच.

आता गाते, आता गाते, म्हणून मी खुर्ची घट्ट धरून बसलो. ती नुसती माळव्यापासून सुरू झाली असती आणि झिंगरवर थांबली असती, तर माझा हार, पुतण्याच्या पोराचं नाव, तो रस्ता — सारं एका कडव्यात गेलं असतं. तिनं डफ पदरात गुंडाळला, मांडवाला हात जोडले आणि उतरली. सुपाऱ्या रामलालकडे गेल्या. ढोलकीवाला पुढच्या पोळ्याच्या आधी सुरतला गेला. ती आता धानाच्या रोवणीला मजुरीनं जाते. बांधावर गाते म्हणतात, मी ऐकायला गेलेलो नाही. रस्त्याला नाव मिळालं. पाटीवर ओंकार कटरे आहे. मी रोज त्या पाटीखालून जातो.

मी बोलू शकलो असतो. तेव्हाही, नंतरही. नाही बोललो.

त्या दिवशी मांडव रिकामा झाल्यावर मी तिच्याकडे गेलो होतो. ती टेम्पोत सामान चढवत होती. हार काढून मी खिशात कोंबला होता, तो अर्धा बाहेर लोंबत होता. जवळपास कोणी नाही हे बघून मी हळूच विचारलं, "सुगंधा, तुले तं सारं मालूम होतं. माही कुळी काऊन नाही गायली?"

तिनं ढोलकी वर ठेवली, दोरी आवळली.

"सवाल तो नव्हता, भाऊ."