हिरवी चिंधी

विकलेली वस्तू परत न घेण्याच्या कलेत माझ्या थोरल्या साडूंचा हात धरणारा माणूस गोंदियापासून पार नागपूरपर्यंत झाला नाही आणि होणारही नाही. हे मी कौतुकाने म्हणत नाही. त्या कलेने मला धुळीला मिळवले आहे, त्यामुळे तिची उंची मला इतरांपेक्षा जास्त ठाऊक आहे. दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्कराच्या जुन्या मोटारींचे लिलाव सुरू झाले तेव्हा साडू गोंदियातल्या एका भाताच्या गिरणीत मुनीम होते. स्वतःला सायकलसुद्धा धड येत नव्हती, पण लिलावात उभे राहिले की हा गृहस्थ मोडके ट्रक असे घेई, जशी बाजारात वांगी निवडून घ्यावीत. मग ते ट्रक अंगणात फोडायचे आणि सुटे भाग घरातूनच विकायचे. दुकान नाही, पाटी नाही. पलंगाखाली गिअर, देवघरात हेडलाइट, आणि लोणच्याच्या बरणीवर दडपण म्हणून पिस्टन. एकदा जेवायला बसलेल्या एका ड्रायव्हरला तो पिस्टन पसंत पडला. साडूंनी तो तिथल्या तिथे विकला आणि माझी मेहुणी, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, त्या बरणीवर वरवंटा ठेवून मोकळी झाली.

त्यांचा नियम एकच होता. या बाजारी नेलेला माल बिघडला तर पुढच्या आठवडी बाजाराच्या दिवसापर्यंत परत आणायचा. त्यानंतर साक्षात ब्रह्मदेव आला तरी घेणार नाही. आणि कोणता माल कोणत्या बाजारी गेला हे ते कागदावर लिहीत नसत. "कागद कोनीबी खोडते जी," असे त्यांचे म्हणणे. मेहुणीच्या जुन्या लुगड्यांच्या चिंध्या ते मालाला गाठ मारून बांधत. दर बाजाराला नवा रंग. परत आलेल्या वस्तूची चिंधी पाहिली की निकाल झाला. लोक म्हणत, या बाईच्या अंगावरचे लुगडे कधी जाईल याचा नेम नाही. पण माणूस मोठा अगत्याचा. परत करायला आलेल्याला ते आधी जेवायला बसवत, भातावर भात वाढत, पोराबाळांची चौकशी करत आणि हात धुतल्यावर नाही म्हणत. तिरोड्याचा एक ड्रायव्हर नदीला पूर आला म्हणून चार दिवस उशिरा दिवा घेऊन आला होता. त्याचे जेवण झाल्यावर साडूंनी चिंधी पाहिली आणि अगदी दुःखाने म्हणाले, "दिवा तं चांगलाच होता भाऊ, तुमची नदीच खराब हाये." तो बिचारा ढेकर देत गेला. मीही त्या वेळी पोट धरून हसलो होतो.

मग माझी पाळी आली. आमगावला माझा एक जुना ट्रक होता. धानाच्या हंगामात खेड्यांतून पोती उचलून गिरणीवर टाकायची, एवढेच माझे काम आणि एवढीच माझी कमाई. इंजिनात पाणी फिरवणारा पंप ऐन हंगामात गेला. मी गोंदियाला धावलो. साडू लिलावाला गेले होते. मेहुणीने पंप काढून दिला, चिंधी बांधली आणि मी आलो. पंप दोन दिवसांतच गळायला लागला. पुढच्या बाजारी, म्हणजे मुदतीत, मी तो घेऊन हजर झालो. जेवण झाले. साडूंनी चिंधी पाहिली. हिरवी.

"साडभाऊ, हिरवा तं मागच्या खेपेचा. तुमी सांगता त्या बाजाराले पिवळा होता."

"अहो, ही चिंधी ताईंनीच बांधून दिलीय ना! त्यांनाच विचारा."

मेहुणी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. साडूंनी तिच्याकडे नुसते पाहिले. तिने पदर सावरला आणि आत गेली.

"तुमचा परत घेतला तं उद्या सारं गाव दारात येईन," साडू म्हणाले. "नात्यात तं नियम अजून कडक पाहिजे."

मी तोच पंप पुन्हा बसवला. दुसरा मिळेपर्यंत हंगाम थांबत नाही. आठवड्याच्या आत भरल्या गाडीचे इंजिन रस्त्यात जळून बसले, गिरणीने काम दुसऱ्याला दिले आणि मेलेला ट्रक घेणारा माणूस आमच्या मुलखात एकच होता. साडूंनीच तो नेला, अंगणात फोडला आणि चिंध्या बांधून विकला. मी विडीच्या कारखान्यात पाने मोजायला लागलो. दोघी बहिणींचे येणेजाणे बंद झाले. बायको माहेरच्या लग्नातही बहिणीकडे पाठ करून बसली, आणि मला ते बरे वाटले, हे कबूल करतो.

चार वर्षांनी एका दुपारी साडू पॅसेंजरने आमगावला उतरले आणि खांद्यावर गोणपाट घेऊन माझ्या दारात आले. घामाघूम झाले होते. गोणपाटातून त्यांनी एक पंप काढला, नवाकोरा.

"काल तुमच्या मेहुणीनं सांगतलं. पिवळं लुगडं फाडाचं तिच्या जिवावर आलं होतं, मायघरचं होतं. म्हणून तुमाले बी हिरवाच बांधला."

"चार वर्षं का नाही सांगितलं?"

"माह्या भेवानं," ते म्हणाले आणि त्यांनी पंप माझ्यापुढे धरला. "घ्या, साडभाऊ."

"गाडी कुठे आहे?"

"माहीत हाये. मीच फोडली. तरी घ्या."

मी तो पंप उचलला आणि त्यांच्या हातात परत ठेवला. साऱ्या जिल्ह्याशी हुज्जत घालणाऱ्या त्या माणसाने पंप गोणपाटात गुंडाळला आणि तो उन्हातून स्टेशनकडे गेला. मी ओसरीवर बसून तो वळेपर्यंत पाहिले, आणि माझा जीव थंड झाला.

त्याच उन्हाळ्यात ते गेले. बायको बहिणीच्या गळ्यात पडून रडली, मी अंगणात लोखंडाच्या ढिगाऱ्यापाशी उभा राहिलो. त्यांनी माझे वाटोळे केले हे मी आजही विसरलेलो नाही, आणि विसरणारही नाही. पण एवढे वजन खांद्यावर घेऊन चूक कबूल करायला आलेला दुसरा माणूस माझ्या दारात त्यानंतर आला नाही. मी तो पंप घ्यायला हवा होता. गाडी नव्हती तरी घ्यायला हवा होता.