कानावर न ठेवायची लेखणी

ऐन लक्ष्मीपूजनात शेठजींच्या पेढीवरून बापासकट हाकलून दिलेला लेखण्यांचा कारखानदार आमच्या साऱ्या मुलखात एकच होऊन गेला, आणि तो मी.

(कारखाना म्हणजे तीर्थपुरीतल्या आमच्या घराचा ओटा, एक चाकू आणि मी. पण कारखानदार म्हटलं की छाती चार बोटं फुगते, म्हणून म्हणायचं.)

निजामाचा अंमल होता. माझं नुकतंच लग्न झालं होतं आणि शेतीचं नि माझं काही केल्या जमत नव्हतं. मी औत धरलं की बैल मान वळवून एकमेकांकडे बघायचे आणि दुःखी व्हायचे. आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं मत बैलांहून वेगळं नव्हतं. अशात एकदा आबांबरोबर अंबडच्या कचेरीत गेल्तो. तिथं मुन्शीजींच्या हातात बोरूची कलम पाहिली आणि मी खलास झालो! चिंचोक्यासारखी तपकिरी, तुकतुकीत, दगडावर आपटली तर दगड फुटेल अशी. आमच्याकडचे बोरू पांढरेफटक. दोन ओळी लिहिल्या की टोकाचा कुंचला व्हायचा.

"मुन्शीजी, ही केली कशी?"

"अरे मियाँ, कलम ऐसेच नै बनती," मुन्शीजी खुलले. "बरू काटो, घोडे की लीद में गाड दो, और बरसात भर बिलकुल भूल जाओ. गरमी से पकती है, आम के माफिक!"

घरी येईस्तोवर मी मनातल्या मनात हैदराबादेत दुकान टाकलं होतं, आणि खुद्द निजाम माझ्या लेखणीनं फर्मानावर सही करत होते.

"आबा, मी लेखण्यांचा धंदा करून राह्यलो," मी जाहीर केलं.

"तुला लिहिता येतं का?"

"सही येते."

"मंग?"

"कुंभार काय रोज रांजणात बसतो का?"

चिलीम झटकून आबा म्हणाले, "बरं. दिवाळीपोतूर एक पक्कं गिऱ्हाईक दाव. न्हाई घावलं तर पाडव्याला तुझ्या हातात तिफन. मंग जल्मभर लेखनीचं नाव काढायचं न्हाई!"

झालं, पैज लागली. मी गोदाकाठाहून बरूचे भारे आणले. पण लीद आणायची कुठून? घोडा आमच्या सात पिढ्यांत कुणी पाळला नव्हता. एक पणजोबा घोड्यावरून पडले होते, तेवढाच आमचा संबंध. आमच्याकडे होती भुरी. म्हैस. पण काय म्हैस! सरकी खाऊन खाऊन अशी माजली होती, की गोठ्यातून बाहेर पडली की गल्लीत अंधार व्हायचा. मी विचार केला, गरमीच हवी ना? भुरीच्या शेणाचा उकिरडा पावसाळ्यातसुद्धा वाफा सोडतो. घोड्याच्या चार मुठी लिदीपेक्षा हा माल भारी!

मी बरू पुरायला लागलो तशी माय ओट्यावरून ओरडली, "आगं बाई! सरस्वतीला उकिरड्यात घातली गं ह्या मेल्यानं!"

"माय, पिकायला घातली."

"तुलाच पिकायला घालायला पाह्यजे व्हतं!"

दसऱ्याच्या सुमाराला बरू उकरले, आणि माझे डोळेच दिपले. काय रंग! काय टणकपणा! मुन्शीजींची कलम त्यांच्यापुढे कडब्याची काडी. फक्त एक बारीकशी गोष्ट होती. वास. मी ते राखेनं घासले, शिकेकाईनं धुतले, उन्हात वाळवले, धूप दाखवला. शेवटी आमच्या मंडळींनी माहेराहून आणलेलं वाळ्याचं अत्तर काढलं आणि ते सगळं बरूंवर खर्ची पडलं.

"आता येतो का?" मी एक लेखणी तिच्या नाकापुढे धरली.

"आता न्हाई येऊन राह्यला," ती म्हणाली. "पन आवं, वल्ली करून पाह्यली का?"

"लेखणी काय आंघोळ करते का?" मी म्हणालो. (बायकोचं ऐकलं नाही म्हणून बुडालेल्या माणसांची एक वसाहत केली, तर तिचं पाटीलपण माझ्याकडे यावं.)

नमुना घेऊन मी कुंभार पिंपळगाव गाठलं. तिथं हस्तीमल शेठजींची कापसाची आडत. मूळचे मारवाडातले, पण पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. मी लेखणी पुढे केली. शेठजींनी ती नखावर वाजवली, वाकवली, हुंगली.

"वा! खुशबू भी है! टिकेल का रे?"

"शेठजी, तुमचा नातू म्हातारा व्हईल, लेखनी न्हाई व्हनार!"

"बराबर. मग असं कर, लक्ष्मीपूजनाला नवी वही-लेखणी लागते. एक गठ्ठा घेऊन तूच ये. मोठे मोठे व्यापारी येतात. पसंत पडली तर सगळा बाजार तुझा!"

मी उडतच घरी आलो. आबांना म्हणालो, "पाडव्याची तिफन गड्याला द्या. आन् दिवाळीला माझ्यासंगं चला, पोराचं गिऱ्हाईक डोळ्यानं बघा!" आबांना नेलं नसतं, तर ही गोष्ट इथंच सुखानं संपली असती.

लक्ष्मीपूजनाला पेढी नुसती झगमगत होती. पांढऱ्याशुभ्र गाद्या, पणत्या, चौरंगावर लाल वह्या आणि त्यांच्यावर माझ्या लेखण्या. गुरुजींनी त्यांना हळदकुंकू वाहिलं, फूल वाहिलं, अक्षता टाकल्या. मी उसन्या कोटात असा ताठ बसलो होतो, की गुरुजींनी चुकून मलाही अक्षता टाकल्या असत्या. पलीकडे आबा गादीच्या कडेला, पाय पोटाशी घेऊन.

शेठजींनी लेखणी उचलली, दौतीत बुडवली आणि वहीवर झोकात "श्री" काढला.

आधी कोणाला काही कळलं नाही. मग एका व्यापाऱ्यानं हळूच आपल्या पायाचा तळवा पाहिला. शेजाऱ्यानं त्याच्याकडे पाहून बूड दोन हात सरकवलं. गुरुजींनी मंत्राचा वेग वाढवला आणि श्वासाचा कमी केला. तेवढ्यात सगळ्या मुनीमांनी आपापल्या लेखण्या एकदम दौतीत बुडवल्या, आणि अख्ख्या पेढीत भुरी येऊन उभी राहिली! अत्तर गेलं, धूप गेला. उरला तो सरकीवर पोसलेला अस्सल, ओला, घरंदाज दरवळ.

"अरे बाहर देखो!" शेठजी नाकाला उपरणं लावून ओरडले. "भैंस घुसी क्या दुकान में?"

नोकर बाहेर धावले. आत येऊन म्हणाले, "भैंस नै, सेठजी."

मी छताकडे बघत होतो. पण आबा! आबांनी डोळे मिटले, एक दीर्घ श्वास घेतला, आणि मेळ्यात हरवलेलं लेकरू सापडावं तसा त्यांचा चेहरा उजळला.

"किसन्या! आरं ही तर आपली भुरी!"

"आबा, गप!"

"गप कसा? सरकी खाल्लेली म्हैस हाय ही! शेठजी, ह्या लेखन्या पावसाळाभर आमच्या उकिरड्यात व्हत्या बघा. तिचाच सुवास हाय!"

गुरुजी भले गृहस्थ. त्यांनी मला वाचवायला एक दोर टाकला. "गोमय असेल तर पवित्रच आहे हो. गायीचं ना रे बाळ?"

"गायीचंच, महाराज!" मी दोर पकडला. "निव्वळ गायीचं!"

"गाय?" आबा ताडकन उठले. घरच्या म्हशीची कीर्ती गायीच्या नावावर लागलेली त्यांना कशी खपावी? "आरं गाय कुटं हाय आपल्याकडं? ती तर तुझ्याच लग्नात इकली! भुरीचं हाय म्हाराज, शप्पथ!"

शेठजी लाल झाले. "फेको! सब फेको बाहेर!"

"शेठजी, फेकता कशा?" गुरुजी म्हणाले. "पूजा झाली. आता वर्षभर ह्याच लेखण्यांनी लिहायचं. टाकल्या तर लक्ष्मी रुसेल."

लेखण्या फेकता येईनात म्हणून शेठजींनी आम्हाला फेकलं.

पाडव्याला आबांनी पेरणीची तिफण माझ्या हातात दिली. मी हरभरा पेरला. उगवला तो मोडी लिपीत! शेजारचे शेतकरी बांधावर उभे राहून वाचायचा प्रयत्न करायचे. बैल पुन्हा दुःखी झाले. माझ्या धंद्याचा दहावा-तेरावा गावानं मनातल्या मनात उरकून टाकला.

आणि एके दिवशी बांधावर शेठजींचा मुनीम उभा!

"जल्दी चल. शेठजींनी बोलावलंय."

"मारायला?"

"लेखण्यांसाठी!"

मग त्यानं सांगितलं. दर दिवाळीला शेठजी गठ्ठाभर लेखण्या घेत आणि महिनाभरात एक उरत नसे. आडतीवर आलेला जो तो सही करायचा आणि सवयीनं लेखणी कानावर ठेवून घरी जायचा. यंदा एकही लेखणी हलली नव्हती. लोक सही करून लेखणी अशी ठेवत, जसा पेटता निखारा खाली ठेवतात. कानावर ठेवायची कोणाची छाती!

"शेजारच्या आडतीवाल्यांनाही पाहिजेत," मुनीम म्हणाला. "पण शेठजींनी बजावलंय, अत्तर-बित्तर नको. वास तोच पाहिजे. म्हैस बदलू नको!"

मी तिथल्या तिथं हातातलं खुरपं टाकलं. त्यानंतर कितीतरी दिवाळ्या आमच्याच लेखण्यांनी बाजारात "श्री" निघाला, आणि मी ओट्याचा खराखुरा कारखाना केला. आबा मात्र दर पाडव्याला कुंकवाची वाटी घेऊन कारखानदाराला ओवाळायला निघायचे, आणि माझ्यासमोरून सरळ गोठ्यात जायचे.

आजही बाजारात एखादा जुना आडत्या भेटतो, पाठीवर थाप मारतो आणि विचारतो, "काय रे किसन, कशी आहे तब्येत?"

"झकास हाय की, शेठजी!" मी छाती फुगवून म्हणतो.

"तुझी नाही रे," तो म्हणतो. "म्हशीची!"