फोडायचा राहिलेला नारळ

"चला, पुढचं बोला," म्हणत ते पिशवीतून नारळ काढायचे. कामगारांच्या एकांकिका स्पर्धेचा निकाल नुकताच लागलेला असायचा, आमच्या कारखान्याचं नाव त्यात कुठेही नसायचं, आणि हे गृहस्थ नाट्यगृहाच्या पायरीवर पुढच्या वर्षीच्या नाटकाचा मुहूर्त करायचे. लेखक तेच, दिग्दर्शकही तेच. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल. नसेल तर तुमचं नशीब चांगलं.

नाटकं भिकार असायची, हे आधीच सांगून टाकतो. मी त्यांचा प्रॉम्प्टर, त्यामुळे एकेक वाक्य मला दोनदा सोसावं लागे. अंबरनाथच्या आमच्या केमिकल कारखान्यात ते स्टोअर सांभाळायचे. शिफ्ट सुटली की कॅन्टीनची टेबलं भिंतीला लावून तालीम. प्रत्येक नाटकाच्या शेवटी एक आंधळा म्हातारा येऊन माणुसकीवर भाषण ठोकायचा. म्हातारा अर्थातच हेच.

हरण्याचं मात्र त्यांना काही म्हणजे काही वाटत नसे. "परीक्षकांचं बरोबर आहे, मधला प्रवेश पडलाच," असं म्हणून खोबऱ्याचे तुकडे वाटायचे. पॅकिंगमधल्या जाधवबाई आमच्या एकमेव नायिका, बदलापूरहून यायच्या. एकदा त्या वैतागल्या. "सर, एकदा तरी रडा ना! आम्हाला पण जरा बरं वाटेल."

"रडायला टाइम कुठाय? मुहूर्त झालाय."

याला मी निर्लज्जपणा म्हणत असे.

मग एका वर्षी आम्ही पहिले आलो. कसे, ते ऐका. आंधळा म्हातारा भाषण साफ विसरला. मी विंगेतून घसा फोडत होतो, त्यांना ऐकू येईना. ते नुसते उभे राहिले, गप्प, पडदा पडेपर्यंत. परीक्षकांना म्हणे त्या शांततेने हलवून सोडलं!

पायरीवर आम्ही सवयीने थांबलो होतो. जाधवबाई म्हणाल्या, "सर, नारळ?"

"आज नको. आज जिंकलोय."

त्यांनी पिशवीची चेन लावली आणि ढाल छातीशी धरून रिक्षात बसले.

तिथून हा माणूस बिघडला. ढाल घरच्या शोकेसमध्ये गेली, वरच्या प्लॅस्टिकसकट. भेटेल त्याला ते त्या शांततेचा अर्थ समजावू लागले. विसरलेल्या भाषणाचा अर्थ! तालमीचं विचारलं की "संहिता पक्की होऊ दे." संहिता कधी पक्की झाली नाही आणि स्पर्धेत नाव द्यायची मुदत टळून गेली. यांच्याशिवाय नाटकाचं नाव काढणारं कारखान्यात कुणी नव्हतं. हे बसले की सगळंच बसणार होतं.

शेवटी मी त्यांच्या घरी गेलो, अंबरनाथ पश्चिमेला, आणि तोंडावर विचारलं. ते शोकेसकडे बघत बोलले.

"परत पडलो तर लोक म्हणतील, मागचं चुकून झालं होतं."

"चुकूनच झालं होतं," मी म्हणालो.

"म्हणून तर."

मला संताप आला. आयुष्यभर हरून ज्याच्या कपाळावर आठी पडली नाही, त्याला एका ढालीने घरी बसवलं. अशा शूराचं करायचं काय? चहा अर्धा ठेवून मी उठलो.

त्यांनी पुन्हा नाटक केलं नाही. रिटायर झाले आणि काही महिन्यांतच गेले. दिवस झाल्यावर त्यांच्या पत्नीने, काकूंनी, मला त्यांची पिशवी दिली. "तुमच्या नाटकाचं काहीतरी आहे, बघा." आत तोच नारळ होता. हलवला तर खुळखुळला.

त्या वर्षी जाधवबाईंनीच सगळ्यांना गोळा केलं आणि आम्ही सरांचं सगळ्यात भिकार नाटक पुन्हा उभं केलं. आंधळा म्हातारा मी. भाषण एक अक्षर न गाळता म्हटलं. व्हायचं तेच झालं, निकालात आमचं नाव नव्हतं. मला त्यांची फार आठवण आली.

"काढा तो नारळ," पायरीवर जाधवबाई म्हणाल्या.

फोडला. पाण्याचा थेंब नव्हता, खोबरं पार खवट झालेलं. तोंडं वाकडी करत आम्ही सगळ्यांनी ते खाल्लं. कुणी थुंकलं नाही.